मायच्या मोरीतला गार नळ

आमच्या घरात दोन बाथरूम आहेत, हे वाक्य लिहितानाही मला थोडं अवघडल्यासारखं होतं. ज्या घरात मी लहानाचा मोठा झालो तिथे एकही नव्हतं. अंगणात एक फरशी होती, तिच्या तीन बाजूंना तुराट्यांचा कूड आणि चौथ्या बाजूला मायचं जुनं लुगडं. आंघोळ करणाऱ्याने आतून अधूनमधून खाकरायचं, म्हणजे बाहेरच्याला कळायचं की जागा रिकामी नाही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पण ही सवय पदवीने गेली नाही. आजही आतून कडी लावलेली असताना मी खाकरतो. बायको बाहेरून म्हणते, "अहो, दार आहे त्याला."

भिंतीतल्या नळातून गरम पाणी येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं ते नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी, एका साध्या लॉजमध्ये. लाल ठिपक्याचा नळ सोडला, हात धरला आणि चटका बसला. मला आधी वाटलं, काहीतरी बिघडलंय. मग उमजलं, आणि मी त्या दिवशी दोनदा आंघोळ केली. दुसऱ्या वेळी अंग स्वच्छच होतं, म्हणून नुसता बादलीत पाय घालून बसलो. तेव्हा डोक्यात एकच होतं, की माय रोज चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ धरते, डोळे पुसते, आणि मग ते पाणी आम्हाला देऊन स्वतः उरलेल्या कोमट पाण्याने आंघोळ करते. मायला असा एक नळ घेऊन द्यायचा, हे मी त्या बादलीत पाय असतानाच ठरवलं.

पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो. डोणगावच्या अलीकडे रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथे जुन्या जागेवरच स्लॅबचं घर बांधलं आणि मलकापूरच्या एका दुकानातून सोलर आणून गच्चीवर चढवला. काचेच्या नळ्या, वर गोल टाकी. शेजारचे काका ते पाहायला आले. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. जगातली प्रत्येक गोष्ट ही मुळात बस आहे आणि तिचा बिघाड डिझेल लाइनीत आहे, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी सोलरभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "याले सेल्फ कुठी हाय?"

दोन बाथरूमपैकी एक आमच्या खोलीला जोडलेलं, दुसरं मागच्या अंगणाच्या बाजूला. मायने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सुनेच्या खोलीतल्या मोरीत मी पाय नाही ठेवत. मले मागची." बायकोने खूप आग्रह केला. मलकापूरकडचं माहेर असल्यामुळे ती गोड बोलून पटवण्यात वाकबगार आहे. पण माय त्या मोरीच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा गेली नाही. मागची मोरी तिची झाली. तिथली सफाईही ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

आणि गंमत अशी झाली की पुढच्या बाथरूमला चटका बसेल इतकं गरम पाणी यायचं, आणि मायच्या मोरीतला लाल ठिपक्याचा नळ मात्र कोरडा. कधी घशात काही अडकल्यासारखा गुळगुळ आवाज करायचा, थुंकल्यासारखं चमचाभर गार पाणी टाकायचा आणि गप्प बसायचा. शेजारचा निळ्या ठिपक्याचा नळ बिचारा इमानदारीने गार पाणी द्यायचा.

एरवी मी एवढा इरेला पेटलो नसतो. पण त्याच हिवाळ्यात मायचा खोकला वाढला होता. मेहकरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "धूर बंद. चूल अजिबात नाही. नाहीतर हा दमा पाठ सोडणार नाही." मी मान हलवली. मायनेही हलवली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटलेल्या, वर पाण्याचं भगुणं, आणि धुरात माय खोकत बसलेली.

"माय, डॉक्टर काय म्हणाले?"

"सयपाकाची चूल बंद म्हणे. हे त आंघोळीचं पानी हाय."

"पुढच्या बाथरूममधून मी बादली भरून आणून देतो ना."

"पानी उचलूनच आनाचं होतं त सोलर काऊन घेतला? बिनाकामी गच्चीवर काचा मांडल्या."

तिचं म्हणणं रास्त होतं. नळाला गरम पाणी आलं तर चूल सुटणार, नाही आलं तर नाही. माझ्यापुढे एवढा एकच प्रश्न होता आणि मी विज्ञान शिकवत होतो.

बीबीहून एक फिटरभाई यायचे. सोलरच्या कामात आमच्या भागात त्यांचं नाव होतं आणि त्यांना ते माहीत होतं. पहिल्या वेळी येण्याआधी त्यांनी फोन केला, तसं मायने मोरी घासून लख्ख केली, कारण परका माणूस येणार. फिटरभाईंनी नळ ठोकला, कान लावला आणि जाहीर केलं, "सर, क्षार. हे पाणी आहे का चुना? पाइपात थर जमला." मग त्यांनी मोटरच्या नळीचं तोंड लाल नळाला जोडलं आणि उलटा जोर दिला. पाइपातून गुडगुड आवाज येत वर गेला, गच्चीवर कुठेतरी फसफसलं, आणि थोड्या वेळाने मायच्या नळाला वाफाळतं पाणी आलं. मायने बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाली, "हाव, हाय बाप्पा ऊन." त्या दिवशी चूल पेटली नाही. मी शाळेत जाऊन वर्गाला उष्णतेचं अभिसरण शिकवलं, फळ्यावर आमच्याच सोलरची आकृती काढली. गरम पाणी वर जातं, गार खाली येतं. मुलं खूश, मी खूश.

आठवडाभरात नळ पुन्हा कोरडा. पुन्हा पऱ्हाट्या.

फिटरभाई दुसऱ्यांदा आले. मायने मोरी पुन्हा घासली. या वेळी निदान बदललं. "सर, क्षार नव्हता. तुमचा नळच बोगस आहे." नळ बदलला, पुन्हा मोटरची नळी लावली, पुन्हा गुडगुड, पुन्हा गरम पाणी. पाच-सहा दिवस सुखाचे. मग एक दिवस गुळगुळ, चमचाभर गार थुंकी आणि शांतता.

वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुमच्या घरचं अभिसरण चालू झालं का?" गाव लहान असण्याचे हे तोटे.

काका रोज संध्याकाळी येऊन विचारपूस करायचे. त्यांचं मत पहिल्यापासून पक्कं होतं. "मास्तर, मी सांगतो, हवा धरली. डिझेल लाइनीत हवा धरली की गाडी घाटात उभी. मंग किती सेल्फ मार, काई होत नाही." मी त्यांना नम्रपणे म्हणालो, की हवेसाठी कुठेतरी शिरायला जागा लागते, आणि आपला पाइप कुठेही फुटलेला नाही. काका म्हणाले, "मी किलिनर होतो तेव्हापासून हवा पाहून राह्यलो. हवा परवानगी घेऊन येत नाही."

पाइप पाहिला तर काकांचं बोलणं अगदीच वावगं नव्हतं. सोलरकडून मागच्या मोरीकडे जाणारा पाइप गच्चीच्या कठड्यावर चढून मग खाली उतरत होता. नवा कठडा फोडायला मिस्त्री तयार नव्हता, म्हणून पाइप कुंपणावरून उडी मारणाऱ्या गोऱ्ह्यासारखा वरून घेतला होता. त्या उंचवट्यात हवा अडकली की पाणी पुढे सरकणार नाही, हे मलाही पटलं. पण अडकलेली हवा मोटरच्या जोराने निघते आणि पुन्हा येते कुठून, हे कोडं सुटत नव्हतं.

तिसऱ्या वेळी काकांनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या भाच्याचं मेहकर रोडला पंक्चरचं दुकान. सुट्टीच्या दिवशी तिथला कॉम्प्रेसर हातगाडीवर टाकून, फिटरभाईंना आधीच रस्त्यात गाठून, भाच्यासकट ते तिघे घामाघूम होत दारात हजर झाले. घरात कोणाला आगाऊ कळवलेलं नव्हतं. कॉम्प्रेसर खालीच ठेवला, त्याची लांब नळी बाहेरच्या शिडीवरून गच्चीवर नेली.

बायको खालून म्हणाली, "अहो, पाइपातली हवा काढायची आहे ना? मग हवा भरता कशाला?"

काका वरून म्हणाले, "सूनबाई, काट्यानं काटा काढतात."

"पण काटा पायात सोडून नाही देत."

शंका खाली राहिली आणि आम्ही वर कामाला लागलो. फिटरभाईंनी कठड्यावरचा सांधा खोलला, त्यात कॉम्प्रेसरची नळी कोंबली आणि भोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. काकांनी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. भाच्याने खालून बटण दाबलं. पाइप थरथरला. पोटात कळ आल्यासारखा आवाज झाला. आणि खाली मायच्या मोरीत काहीतरी ताडताड वाजायला लागलं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं.

त्याच क्षणी अंगणातून मायचा आवाज चढला.

"नळ आले वोऽऽऽ! नळ आलेऽऽऽ!"

या आवाजाबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीला पिण्या-वापरण्याचं पाणी चार-आठ दिवसांनी येतं, आणि कधी येईल ते सांगता येत नाही. जुन्या घरी आमच्या अंगणातला नळ गल्लीत सगळ्यांत खालच्या बाजूला होता, त्यामुळे पाणी आधी आमच्याकडे पोचायचं. माय तो नळ कायम उघडा ठेवायची आणि त्याखाली स्टीलची थाळी. पाण्याची पहिली धार थाळीवर वाजली की माय हाक द्यायची आणि सबंध गल्ली कामाला लागायची. माझ्या लहानपणी मी गणित सोडवत असलो तरी त्या हाकेसरशी पेन टाकून घागर उचलायचो. पाणी आलेलं कळणार नाही, या भीतीने आमच्याकडे कुणी नळ बंद ठेवतच नसे.

तर ती हाक ऐकली आणि काकांच्या हातातली नळी सुटली. ज्या माणसाने स्वतः हवा सोडली होती, तो माणूस "मोटर लाव वो!" असं आपल्या घराकडे ओरडत शिडीवरून खाली उतरला. नळी मोकळी झाल्यावर गच्चीवर नागासारखी फणफणत फिरली आणि फिटरभाई सोलरच्या मागे दडले. मी विज्ञान शिक्षक, मला सगळं माहीत होतं, तरी मी शिडीच्या मधल्या पायरीवर होतो आणि माझे डोळे घागर शोधत होते.

गल्लीत धांदल उडाली. बाया हंडे, घागरी, रंगाचे रिकामे डबे घेऊन बाहेर आल्या. दोन-तीन घरांत मोटरी लागल्या आणि कोरड्याच घरघरू लागल्या. नळ कुणाच्याच घरी आलेले नव्हते. सगळ्या बाया आमच्या दारात जमल्या आणि मायला विचारू लागल्या.

"काकू, कुठी हाय पानी?"

"हे काय, आताच माह्या मोरीत वाजलं!"

आम्ही सगळे मागच्या मोरीत गेलो. लाल ठिपक्याचा नळ सताड उघडा. खाली उपडी ठेवलेली स्टीलची थाळी. तिच्यावर हवेच्या जोराने आपटलेले पांढरे क्षाराचे खडे आणि तांबूस पाण्याचे शिंतोडे.

फिटरभाईंनी कमरेवर हात ठेवले. "मावशी, हा नळ कोणी उघडला?"

"कोनी म्हंजे? उघडाच असते तो. टाकीतलं पानी सरलं का मी उघडून ठेवतो. बंद नळाले पानी आलं हे कसं समजन?"

"मी आलो तेव्हा तर बंद होता! थाळी पण नव्हती!"

"तुमी येनार म्हनून मोरी घासली, थाळी उचलली, नळ बंद केला. परक्या मानसापुढं मोरीत थाळी कशी ठेवाव?"

बायको हळूच म्हणाली, "थाळी मी पाहिली होती. मला वाटलं, साबणासाठी असेल."

मग सगळं एका रांगेत उभं राहिलं. गच्चीवरची टाकी संपली की माय लाल नळ उघडून ठेवायची. पाइपातलं पाणी निथळून जायचं आणि त्या उघड्या तोंडातून हवा आत शिरून कठड्यावरच्या उंचवट्यात जाऊन बसायची. टाकी पुन्हा भरली तरी हवा हलायची नाही, नळ कोरडाच राहायचा, आणि कोरडा म्हणून तो उघडा आहे हे कुणाला कळायचं नाही. फिटरभाई येऊन हवा काढायचे, ते गेले की टाकी संपेपर्यंत सुख, मग पुन्हा थाळी.

काकांची छाती फुगली. "हवाच निंघाली ना शेवटी! मी काय म्हनत होतो?"

"काका, मोटर बंद केली का?" बायकोने विचारलं. ते पळाले.

"पण माय," मी म्हणालो, "हा नळ गच्चीवरच्या टाकीचा आहे. गावाच्या पाण्याचा याच्याशी संबंध नाही. ते पाणी आता थेट जमिनीतल्या हौदात पडतं."

मायने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी पदवी कुठे ठेवली आहे ते आठवेना. "आपला जुना नळ कुठी होता?"

"अंगणात."

"अंगनात कुठी? याच जागी. या फरशीखाली तो दगड हाय. मी काय जागा विसरली काय?"

खरंच होतं. मागची मोरी बांधली ती नेमकी जुन्या नळाच्या जागेवर, आणि लाल नळ आला नेमका त्याच्या डोक्यावर. नवं घर बांधताना मी अंगणातला नळ काढून पाइप मुकाट हौदात सोडला होता. मला ती सुधारणा वाटली होती. पाणी आता न वाजता येत होतं आणि न वाजता जात होतं. गल्लीला हाक देणारं कोणी राहिलं नव्हतं. माय ते काम एका थाळीवर चालवायला पाहत होती, आणि चुकीच्या नळाखाली का होईना, तिने आपली नोकरी सोडली नव्हती.

दारातल्या बायांनाही हे आत्ताच उमगलं. एक जण माझ्याकडे वळली. "मास्तर, तरीच म्हनलं, तुमचा बंगला झाल्यापासून आमचं पानी बुडून राह्यलं. काकूचा नळ काऊन बुजवला तुमी?"

"मी बुजवला नाही, हौदात…"

"हौदात काय वाजते का कधी?"

बाकीच्या बायांनीही हंडे कमरेवर घेऊन मला तोच प्रश्न विचारला. मी मायकडे पाहिलं. मायला खोकल्याची एक उबळ आली, ती थांबली, आणि मग तिने व्यवहार सांगितला.

"मले अंगनात माहा नळ दे. मंग मी या लाल नळाले हात नाही लावत. अन् चुलीलेही नाही."

"डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा का नाही ऐकलंस?"

"डॉक्टरनं नळ कुठी देल्ता?"

फिटरभाईंनी त्याच दिवशी हौदात जाणारा पाइप खोदून काढला आणि त्यावर अंगणात एक नळ बसवला. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा नळ काढला तर माय म्हणाली, "पितळी लाव, भाऊ. पलास्टिकची धार मऊ पडते, थाळीवर वाजत नाही." हे तंत्र फिटरभाईंना मान्य नव्हतं, पण ते मुकाट बीबीला जाऊन पितळी नळ घेऊन आले. कठड्यावरच्या पाइपाला त्यांनी एक उभी नळी बसवली, हवा निघून जावी म्हणून. काकांनी ती पाहून तिला सायलेन्सर म्हटलं. मायने थाळी पुसली, अंगणातल्या नळाखाली उपडी ठेवली, आणि चुलीतली राख भरून भांडी घासायला नेली.

त्यानंतर चूल पेटलेली मी पाहिली नाही. पण करारातला एक धोका आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता.

थंडीतली सकाळ होती. मी शाळेची तयारी करत होतो. मागच्या मोरीचं दार बंद, खालच्या फटीतून वाफ येत होती. आतून खाकरण्याचा आवाज आला. पुन्हा दम लागला की काय? मी दाराशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने पुन्हा तसाच आवाज, अगदी सावकाश, मजेत. तो खोकला नव्हता. जागा रिकामी नाही, एवढंच ती कळवत होती.

तेवढ्यात अंगणात थाळी वाजली.

"माय! नळ आले!"

मी दार वाजवलं. "माय, थाळी वाजतेय. हाक दे!"

"वाजू दे," माय म्हणाली. "मी ऊन पान्यात हावो. तूच दे."

मी गल्लीच्या तोंडाशी गेलो, इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन. आयुष्यभर वर्गात ओरडत आलोय, पण ती हाक वेगळ्या घशातून निघते. मी जमेल तेवढी लांबवली. "नळ आले वोऽऽ!"

एकही दार उघडलं नाही. काका फक्त आपल्या गच्चीच्या कठड्यावरून डोकावले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांत कॉम्प्रेसरच्या दिवसाची आठवण स्पष्ट होती.

"मास्तर, खरंच आले, का पुन्हा हवा सोडून राह्यले?"

"खरंच आले काका. थाळी वाजतेय."

"मायले इचार पहिले."

मी परत मागच्या मोरीशी गेलो. "माय, गल्ली माझ्यावर विश्वास ठेवत नाही."

आत पाणी ओतल्याचा मोठा आवाज झाला, मग दुसरा तांब्या. तिसराही झाला. मग माय खाकरली, आणि दार न उघडता, वाफेतूनच, मागची खिडकी दणाणेल अशी हाक आली. दम्याच्या बाईचा आवाज तो नव्हताच.

गल्लीत हंड्यांचा खणखणाट सुरू झाला. मी घागर घेऊन नळाकडे धावलो. शाळेला उशीर झाला.